उकिडवा न बसणारा मावळा

१/
संगणकाच्या पडद्यावर एक मावळा उभा होता. पागोटे ठीक, ढाल ठीक, मिशा तर फारच ठीक. त्याला शेकोटीपाशी उकिडवा बसवू म्हणून मी त्याचे गुडघे मिटू लागलो. एका अंशापर्यंत ते मिटले, मग मांडीचे मांस पोटरीत घुसले, गुडघ्याची वाटी नाहीशी झाली आणि पाय ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. रायगड चढणाऱ्या माणसाला खाली बसता येत नव्हते. या धाग्याचा विषय तोच.

२/
प्रतिपाद्य आधीच मांडतो, म्हणजे भांडायचे असेल त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. लहान आकृती ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. तिचा पवित्रा, तिचा पेहराव, तिची बसण्याची तऱ्हा हे इतिहासाविषयीचे विधान असते. ती घडवणारी आणि वळवणारी संगणकप्रणाली आपण स्वतः रचली नाही, तर आपले पूर्वज कसे उभे राहिले हे दुसऱ्याचा सांगाडा ठरवील.

३/
मी हे शेंदूरजनाघाटहून लिहितो आहे. वरुड तालुका, मागे सातपुडा, भोवती संत्र्याच्या बागा आणि कलमांच्या रोपवाटिका. इथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. हे काम जमिनीलगत असते, म्हणून ते करणारा माणूस तासन्‌तास उकिडवा असतो. तो तुटका पाय मी एका कलमे बांधणाऱ्या काकांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘ज्याले बसताच येत नाही, तो मानूस कायचा बाप्पा?’’ या एका प्रश्नातून आमच्या प्रणालीचे काम सुरू झाले.

४/
आता थोडे मागे जाऊ. महाराष्ट्रात आकृती घडवून तिला ‘बसवण्याची’ कल्पना किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १३०० मधील एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची पेटी मिळाली. तिच्यासोबत शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता.

५/
त्या मूर्तीच्या पोटाला छिद्र आहे, बैलाच्या पाठीलाही छिद्र आहे. मधे काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. म्हणजे दोन भाग, एक सांधा आणि हवी तेव्हा बदलता येणारी स्थिती. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या हातांनी सांध्याचा विचार केला होता.

६/
दायमाबादचा १९७४ सालचा शोध तर सर्वांना ठाऊक असेल. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, असे चार ब्राँझ नग मिळाले, वजन ६० किलोंहून अधिक. रथातला माणूस उभा आहे. तो कसा उभा आहे हे नीट पाहा, कारण धावत्या वाहनात तोल सांभाळणे म्हणजे काय हे त्या कारागिराने पाहिलेले होते. पाहिल्याशिवाय पवित्रा घडत नाही.

७/
आणि विसाव्या शतकात? दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. एकेक काडी किंचित सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. निर्जीव वस्तूला चौकटीगणिक स्थिती देण्याची कला मराठी माणसाने शतकापूर्वी हाताळली आहे. तेव्हा ‘‘हे आपले क्षेत्र नव्हे’’ असे कृपया कोणी म्हणू नये.

८/
इथे दुसऱ्या टोकाची मंडळी हात वर करतील: ‘‘आमच्या शिल्पशास्त्रात हे सगळे होतेच!’’ जे होते ते नीट सांगू. तालमानात शरीर ‘ताला’त मोजतात. एक ताल म्हणजे १२ अंगुले, आणि नवतालाची मूर्ती १०८ अंगुलांची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रामाची उंची १२० अंगुले आहे आणि इतरांसाठी बाराबाराने कमी होत १०८, ९६ व ८४ अशी श्रेणी दिली आहे. समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग हे देहाच्या वळणाचे प्रकारही आहेत.

९/
ही प्रमाणबद्ध विचारांची थोर परंपरा आहे. ती संगणकप्रणाली मात्र नव्हे. शिवाय ती मापे देवांची आणि आदर्श पुरुषांची आहेत. संत्र्याची टोपली डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईची मान किती अंश ताठ राहते, हे त्या ग्रंथांनी सांगितलेले नाही आणि तो त्यांचा हेतूही नव्हता. अभिमानाने मापे मिळत नाहीत, ती घ्यावी लागतात.

१०/
युरोपात ही वाट कशी गेली? न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे चपटे सैनिक घराघरांत पोहोचवले. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे सरकवून लढायचा युद्धखेळ सिद्ध केला आणि लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ शिसे-सैनिक काढले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी अशा सैनिकांच्या खेळावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले.

११/
मग पडदा आला. चित्रकारांच्या मेजावर सांधे वळवता येणारा लाकडी बाहुला असतो. त्याची जागा घेणारा बाहुला संगणकात असावा, या विचारातून लॅरी वाइनबर्ग यांनी केलेली ‘पोझर’ ही प्रणाली १९९५ मध्ये बाजारात आली. २००२ मध्ये ‘ब्लेंडर’ खुली झाली. तिच्या चाहत्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि तिचे हक्क सोडवून घेतले. वर्गणीतून काय उभे राहते हे गणेशोत्सवाच्या प्रदेशाला वेगळे सांगायला नको.

१२/
अशी प्रणाली आतून कशी असते, हे दोन शब्दांत. आकृतीच्या आत हाडांचे एक झाड असते. कंबर हे मूळ, तिथून मांडी, मांडीपासून पोटरी, पोटरीपासून पाऊल. मांडी वळली की पोटरी-पाऊल तिच्यासोबत फिरते. ही सोपी दिशा झाली. उलट दिशा अवघड, कारण ‘पाऊल या पायरीवर ठेव’ म्हटल्यावर गुडघा आणि कंबर किती वळवायची हे गणिताने शोधावे लागते, आणि उत्तरे अनेक निघतात.

१३/
हाडांवर कातडे असते, म्हणजे हजारो बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदू कोणत्या हाडाचे किती ऐकतो, याचा वाटा ठरवलेला असतो. गुडघ्याजवळचा बिंदू निम्मा मांडीचे, निम्मा पोटरीचे ऐकतो आणि दोघांची सरासरी काढून जागा घेतो. कोन लहान असतो तोवर ही सरासरी गोड दिसते. कोन मोठा झाला की बिंदू आत ओढले जातात आणि सांधा चेपतो. उकिडवे बसताना गुडघा दीडशे अंशांच्या आसपास मिटतो. माझा मावळा तिथेच फाटला.

१४/
यावर उपाय आहेत. खोल मिटलेल्या गुडघ्याचा वेगळा साचा घडवायचा आणि कोन वाढेल तसा तो मिसळत न्यायचा. मांडी-पोटरी एकमेकांवर दबली की दोन्ही चपटी व्हावीत, असा नियम घालायचा. मुद्दा असा की हे अवघड आहे, अशक्य नाही. मग आम्हाला मिळालेल्या सांगाड्यात ते का नव्हते? कारण तो रचणाऱ्यांना त्याची गरजच पडली नाही. त्यांचा माणूस खुर्चीवर बसतो, घोड्यावर बसतो, फार तर एक गुडघा टेकतो.

१५/
यात कोणाचे कारस्थान नाही, म्हणून मी कोणावर चिडत नाही. प्रत्येक जण आपल्या अंगणातला माणूस घडवतो. चीड येते ती आपल्या आळसाची. मांडी घालून जेवणारा, उकिडवा बसून निंदणारा, पाठीवर झोळी आणि डोक्यावर भारा घेऊन घाट उतरणारा देह या भूमीत शतकानुशतके वावरला. तो देह आपल्या अंगणातला आहे. तो दुसरा कोण रचणार?

१६/
धोतराचेही तेच. तयार प्रणालीत विजारी आहेत, झगे आहेत, चिलखते आहेत. धोतर दोन्ही पायांना वेगवेगळे गुंडाळलेले असते, कंबरेला बांधलेले असते आणि काष्टा मागे खोचलेला असतो. पाय फाकला की निऱ्या एका बाजूला उलगडतात, दुसऱ्या बाजूला ताणतात. विजारीवर चुण्या कोरून धोतर होत नाही. नऊवारीचा काष्टा याहून अवघड. म्हणूनच बाजारातल्या बहुतेक ‘ऐतिहासिक’ आकृत्या नाटकमंडळीच्या पेटाऱ्यातून निघाल्यासारख्या दिसतात.

१७/
आता आक्षेप. पहिला: ‘‘इतिहासाच्या अभ्यासकाने खेळण्यांत वेळ का घालवावा? कागदपत्रे वाचा.’’ कागदपत्रे वाचावीतच. पण चित्राची ताकद कमी लेखू नका. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र एके काळी छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होते. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणले, तेव्हा ती चूक सुटली. जे चित्र डोळ्यांत बसते ते ग्रंथांच्या आधी बसते. मग जी आकृती मुलाच्या मुठीत बसते तिचे काय?

१८/
उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले घेऊ. १५ डिसेंबर १८०३, गाविलगड. उत्तरेच्या बाजूने तोफा भिडवून कंपनीच्या फौजेने किल्ला घेतला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेले, त्यात आमचा हा मुलूखही आला. इथल्या सात-आठ पिढ्यांचे भवितव्य त्या तटावर ठरले.

१९/
आणि जगात गाविलगड कोणामुळे ठाऊक आहे? मुख्यतः बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या १९९९ सालच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या इंग्रजी कादंबरीमुळे. तिचा नायक काल्पनिक इंग्रज शिपाई आहे. कादंबरीकाराला दोष नाही, त्याने त्याचे काम चोख केले. पण आपल्या गडाच्या वेढ्याची आकृतीरूप मांडणी करायची म्हटली तर शिडीवर चढणारे स्कॉटिश शिपाई बारीकसारीक बटणांसह मिळतात आणि तटावरचे लोक ‘पूर्वेकडील योद्धा’ या एकाच साच्यातून निघतात. ही विषमता पैशाची जेवढी आहे तेवढीच अनास्थेची आहे.

२०/
बरे, हल्लेखोर तरी सगळे गोरे होते काय? त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. ते गाव आज अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर मद्रासच्या देशी पलटणी होत्या, आणि सुरुवातीच्या तोफमाऱ्यात त्यांतल्या काही मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले. समोर व्यंकोजी भोसल्यांच्या बाजूने अरब तुकडीने स्कॉटिश पलटणींवर धाव घेतली. एका मैदानात किती भाषा, किती पेहराव! ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ अशा दोन रंगांच्या दोन पाकिटांत हे मावत नाही.

२१/
आणि बैल? वेलस्लीच्या हालचालींचा वेग ज्यावर उभा होता ते म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते. धान्य वाहणारे बंजारे होते. पखाल वाहणारे भिस्ती होते. तोफ चिखलात रुतली की खांदा लावणारे हात होते. सैन्य म्हणजे फक्त तलवार उगारलेला माणूस नव्हे. आमच्याकडे मुलांचा मोठा दिवस तान्ह्या पोळ्याचा, लाकडी बैल ओढण्याचा. परंपरेने ही प्रथा नागपूरकर भोसल्यांशी जोडली जाते. बैलाला मान देणाऱ्या प्रदेशाच्या लढाईत बैल नसावा, हे मला पटत नाही.

२२/
दुसरा आक्षेप: ‘‘तयार प्रणाली घ्या, वर पागोटे चढवा, झाले.’’ नाही झाले. खांद्याची रुंदी, पावलातले अंतर, छाती पुढे काढून उभे राहण्याची सवय, हे सगळे सांगाड्याबरोबर आलेले असते. पागोटे काढा, खाली दुसऱ्याच देशातला सरदार उभा असतो.

२३/
तिसरा आक्षेप आजचा: ‘‘आता यंत्राला दोन वाक्ये सांगितली की आकृती तयार होते.’’ होते खरी. पण यंत्र आजवर काढलेल्या चित्रांची गोळाबेरीज देते, आणि आजवर काढली गेली ती चित्रे बहुतांशी दिनदर्शिका आणि चित्रपटांची. ज्या देहाचे चित्र कोणी काढलेच नाही, तो देह त्या गोळाबेरजेतून कसा निघणार? शिवाय ते यंत्र ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. इतिहासात तो पहिला प्रश्न आहे.

२४/
म्हणून आमच्या प्रणालीचा गाभा सांगाडा नसून नोंदवही आहे. पागोटे, ढाल, जोडा, पवित्रा, जे काही आकृतीला लावाल त्याच्या पोटात आधार लिहिलेला असतो. दर्जे तीन: साधार, तर्काधार, कल्पित. समकालीन चित्र, शिल्प किंवा वस्तू असेल तर साधार. जवळच्या काळावरून वा प्रदेशावरून बांधलेला अंदाज तर्काधार. बाकी सारे कल्पित. कल्पित वापरायला बंदी नाही, लपवायला बंदी आहे.

२५/
पवित्र्यांचे आधार कुठे मिळतात? पहिला आधार वीरगळ. गावोगावी पडलेले, शेंदूर फासलेले हे दगड लढणाऱ्या देहांचा संग्रह आहेत. दुसरा, गंगाराम तांबट. १८व्या शतकाच्या अखेरीस पुण्यात चार्ल्स मॅलेटसाठी त्याने जी रेखाटने केली त्यांत व्यायाम करणारे मल्लही आहेत, आणि ते डोळ्यांनी पाहून काढलेले आहेत. तिसरा, बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’.

२६/
चौथा आधार जिवंत आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच मल्लखांब आणि लाठीची परंपरा नांदते आहे. मात्र सावधान! विसाव्या शतकातल्या आखाड्याचा पवित्रा म्हणजे सतराव्या शतकातल्या रणांगणाचा पवित्रा नव्हे. तो आमच्या वहीत ‘तर्काधार’ म्हणूनच नोंदला जातो.

२७/
आता आमच्याच बाजूचे एक असत्य कबूल करतो. १६५ सेंटिमीटरचा माणूस साठाव्या हिश्श्याला आणला की २७.५ मिलिमीटरचा होतो. चार मिलिमीटर जाडीचे तलवारीचे पाते त्याच प्रमाणात ०.०७ मिलिमीटरहूनही पातळ होते. ते छापता येत नाही, आले तरी फुंकरीने मोडेल. म्हणून प्रत्येक लहान आकृतीत शस्त्र जाड, तळहात मोठा, मान आखूड करावी लागते. लहान आकृती थोडे खोटे बोलतेच. प्रामाणिक प्रणालीने ते खोटे किती, हे आकड्यात सांगावे.

२८/
यावर एका मित्राने बिनतोड शंका काढली: ‘‘वही संगणकात राहील. आकृती पोराच्या हातात जाईल. आधार तिथेच सुटला की!’’ खरे आहे. म्हणून आकृतीच्या बैठकीखाली उठावाचे ठिपके छापायचे ठरवले आहे. एक ठिपका साधार, दोन तर्काधार, तीन कल्पित. पोराने आकृती उलटी करून पाहिली की त्याला कळेल, आणि पोरे वस्तू उलटी करून पाहतातच.

२९/
आजची स्थिती सांगतो. प्रणाली अर्धवट आहे. धोतराच्या निऱ्या अजून हट्ट करतात. बैलाच्या खांद्याचा सांधा माणसाच्या नियमांनी चालत नाही, हे आम्हाला दोन महिने वाया घालवून कळले. पण गुडघा मिटला आहे. रोपवाटिकेत जाऊन बसलेल्या माणसांच्या परवानगीने मापे घेतली, टाच जमिनीला टेकते की उचलते ते पाहिले, कोपर गुडघ्यावर कुठे विसावते ते टिपले.

३०/
म्हणून आमची पहिली छापील आकृती मावळा नाही. ती डोळा भरणाऱ्या माणसाची आहे. उकिडवी बैठक, हातात चाकू, पुढ्यात खुंट. ती मी त्याच काकांना दिली. त्यांनी ती तळहातावर ठेवून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, ‘‘टाच बराबर टेकली.’’ खाली एकच ठिपका आहे. साधार.

३१/
याच बैठकीवर आता गाविलगडाच्या पायथ्याची शेकोटी बसेल. बेनीसिंगाचे पहारेकरी त्या डिसेंबरच्या थंडीत हात शेकत कसे बसले असतील, हे दाखवताना आम्ही खाली दोन ठिपके छापू. ज्यांना हे शौर्याला उणेपणा आणणारे वाटते त्यांना एकच विचारतो: जो माणूस रात्रभर थंडीत बसून पहाटे तटावर उभा राहिला, तो तलवार उगारून गोठलेल्या पुतळ्यापेक्षा कमी शूर कसा?

३२/
शेवटी तरुण वाचकांना विनंती. आपल्या गावचा वीरगळ चारही बाजूंनी टिपा. आजीला काष्टा घालताना पायरीपायरीने पाहा आणि लिहून ठेवा. पखाल, मोट, खोगीर, बैलाचा साज घरात असेल तर मापपट्टी लावा. गणित येत असेल तर निऱ्यांचा हट्ट मोडायला या. आणि बाजारातून ‘ऐतिहासिक’ आकृती घेतलीत की आधी ती उलटी करा, आणि विचारा: हे कशावरून? (धागा समाप्त)